अस्वस्थ हात

क्रॅनहाइथ गावात कुणी मेलं की पहिलं बोलावणं टॅबिथा थर्लबीला जाई, पाद्रीसाहेबांना त्याच्यानंतर. चाळीस वर्षं तिनं या गावच्या माणसांना शेवटची आंघोळ घातली. पाणी कोमट असायचं. मेलेल्या माणसाला गार पाणी घालू नये असं तिचं मत होतं, आणि का ते तिला कुणी विचारलं नाही. हनुवटीला फडकं बांधायचं, केस विंचरायचे, दोन्ही हात छातीवर जुळवून ठेवायचे. मग खिडकी थोडी उघडून ती स्वयंपाकघरात जाऊन बसे आणि घरची बाई तिच्यापुढं चहा ठेवी. त्या चहाबरोबर घर बोलू लागे. मरणाच्या घरात माणसं जे बोलतात ते लग्नाच्या घरात बोलत नाहीत. टॅबिथा सगळं ऐके आणि कुणाचं कुणाला सांगत नसे. म्हणून तर तिला बोलावत.

तिनं लग्न केलं नाही. बांधाच्या टोकाला, भरतीच्या दाराशेजारी भावाचं घर होतं, त्यातच ती राहिली.

इंग्लंडातल्या लिंकनशरच्या त्या किनाऱ्यावर जमीन समुद्रापेक्षा खाली आहे. मधे मातीचा एक बांध, बांधावर ओळीनं घरं, आणि बांधाच्या पोटात एक लाकडी दार. ओहोटीला ते दार रहाटानं वर उचलायचं, म्हणजे शेतातलं पाणी समुद्रात जातं. भरती यायच्या आधी खाली सोडायचं, म्हणजे समुद्र शेतात येत नाही. सगळं गाव त्या एका दारावर झोपतं. पाण्याशी या लोकांचं वागणं खाष्ट सासूशी वागावं तसं. नाव मोठ्यानं घ्यायचं नाही, मर्जी विचारत राहायची.

टॅबिथाचा भाऊ ईनक त्या दाराचा राखणदार होता. जेबेझ क्रोल त्याच्या हाताखाली होता. अठराशे एकाहत्तर सालच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी दुपारी, मोठी भरती आली तेव्हा दार चार वीत वर राहिलं होतं. फेन्सम कुटुंबाचं घर खालच्या अंगाला होतं. आई आणि दोन मुली गेल्या. ईनकनं त्या गढूळ पाण्यात होडी घालून अकरा माणसं काढली. हे सगळ्यांनी पाहिलं. चौकशीत तो म्हणाला, त्या दिवशी रहाट जेबेझच्या हाती होता. जेबेझ म्हणाला, मला ईनकनं डांबर आणायला गावात धाडलं होतं. डांबराची बादली कुठं आहे, असं त्याला विचारलं. बादली पाण्यात गेली होती. लोकांनी त्याला गावाकडून धावत येताना पाहिलं होतं, आणि गावाकडं तेव्हा एक दारूचं दुकानही होतं. एवढं लोकांना पुरलं.

जेबेझ ग्रिम्झबीला मासेमारीच्या गलबतावर गेला आणि तिथंच दुसऱ्या हिवाळ्यात न्यूमोनियानं मेला. त्याची बायको केझाया मागं राहिली. गावानं तिला हाकललं नाही. बोलणं मात्र सोडलं. शाळेची खोली झाडायची आणि शेगडी पेटवायची एवढं काम तिला मिळालं. चर्चमध्ये ती शेवटच्या बाकावर बसे आणि त्या बाकावर दुसरं कुणी बसत नसे. ईनक वारला तेव्हा गावानं चर्चच्या भिंतीवर त्याच्या नावाचा दगड बसवला.

असं हे चालत राहिलं असतं. पण अठराशे पंच्याण्णव साली पाद्री हॅलमसाहेबांना एका दूरच्या प्राध्यापकाचं पत्र आलं. प्राध्यापक बोलीचा मोठा शब्दकोश करत होते आणि गावोगावच्या माणसांकडून चिठ्ठ्या मागवत होते. चिठ्ठीची रीत ठरलेली होती. वर शब्द आणि त्याच्या जोडीला येणारा शब्द. खाली वाक्य, जसं कानांनी ऐकलं तसं. मग कोण बोललं, कोणत्या दिवशी बोललं. शेवटच्या ओळीत अर्थ. बोलणाऱ्याचं नाव नसेल तर चिठ्ठी बाद. मनानं रचलेलं वाक्य तर अजिबात चालायचं नाही.

हॅलमसाहेबांनी गावात शब्द वाटून दिले, शेतात बियाणं वाटावं तसे. कुणाला चिखलाचे, कुणाला गुरांचे. टॅबिथाच्या वाट्याला एकच शब्द आला. इंग्रजीत तो अनीझी, आपण अस्वस्थ म्हणू.

"एकच?" ती म्हणाली. "पिंचबेकला सत्तर दिलेत की."

"पिंचबेक मासे पकडतो, बाई. तुम्ही आजाऱ्यांच्या उशाशी बसता," हॅलमसाहेब म्हणाले. "हा शब्द कुणाकुणाला लावतात ते तुमच्याइतकं कोण ऐकणार? माणसाला तर लावतातच. बाकी कशाकशाला लावतात ते आणा."

तिनं मनावर घेतलं. ती शाळेत दोनच वर्षं गेली होती, पण अक्षर तिचं ताठ आणि स्वच्छ होतं. चिठ्ठ्या ती एप्रनच्या खिशात ठेवू लागली. आणि मग तिला दिसू लागलं की हा शब्द गावात एकटा कुठं राहातच नाही. प्रत्येक घरात त्याचं वेगळं सोयरं. म्हाताऱ्या डॉब्नीबाई म्हणत, नवे बूट अस्वस्थ आहेत, म्हणजे चावतात. गवळ्याची गाय विण्याआधी अस्वस्थ. दोघा भावांनी शेताच्या वाटणीवरून झालेलं भांडण मिटवलं, तर सुतार म्हणाला, अस्वस्थ मिटवणी आहे ही, कापणीपर्यंत टिकेल. बांधाला तडा जायच्या आधी माती अस्वस्थ. वारा पडतो आणि पाणी चकाकतं, तेव्हा अस्वस्थ शांतता. क्षय झालेल्या मुलीच्या आईनं सांगितलं, पोरीला झोप आहे पण अस्वस्थ झोप. प्रत्येक वाक्य टॅबिथानं दारातून बाहेर पडल्यावर वाटेत उभं राहून लिहिलं.

तीस चिठ्ठ्या झाल्या. तिला मात्र पहिल्याच दिवसापासून माहीत होतं की आपल्याकडं एकतिसावी आहे, आणि ती सगळ्यांत जुनी आहे.

ईनक शेवटच्या आजारात होता. नोव्हेंबरची दुपार, बाहेर ओहोटी. त्यानं उजवा हात पांघरुणाबाहेर काढला आणि परक्याचा असावा तसा त्याच्याकडं पाहात राहिला.

"टॅबी, माझा हात अस्वस्थ आहे."

"दुखतोय का रे?"

"दुखत नाही. अस्वस्थ आहे. जेबेझला मी डांबराला धाडलं. मग दार खाली सोडायला, खुंटी काढावी म्हणून रहाटाला हात घातला. थंडीनं बोटं मेल्यागत झाली होती. म्हटलं, शेकून येतो जरा. रहाटाशेजारच्या खोपटात गेलो, शेगडीपुढं धरले हात. ऊब लागली आणि डोळा लागला, टॅबी. दार वरच राहिलं."

तो म्हणाला, "कुणाला सांगू नकोस. दगडाचं काय ते बोलताहेत लोक, बोलू दे." आपल्या नावाचा दगड बसणार हेही त्याला ठाऊक होतं. मग संध्याकाळच्या आत तो गेला.

तिनंच त्याला आंघोळ घातली. हात छातीवर जुळवले. डावा राहिला. उजवा हळूहळू घसरला आणि अंथरुणावर पालथा पडला. तिनं पुन्हा ठेवला. पुन्हा घसरला. शेवटी तिनं केसांची फीत सोडून मनगटं एकत्र बांधली आणि वर चादर ओढली. हे गावात कुणाला माहीत नाही. त्यानंतर एकोणीस वर्षं, कुणाही मेलेल्याचे हात जुळवून झाले की ती वळून पाहात नसे. पाहिलं तर उजवा हात हलेल असं तिला वाटे. हलला कधीच नाही. वाटणं काही थांबलं नाही.

चिठ्ठ्या सुरू झाल्यापासून ते वाटणं घरातही शिरलं. दुपारी ती खिडकीशी लिहायला बसली की दाराच्या बाजूनं रहाटाची खीळ चाकाच्या दातावर पडावी तसा आवाज येई. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टक्. नवा राखणदार तेव्हा जेवायला गेलेला असे, तिनं जाऊन पाहिलं होतं. रहाट बांधलेला होता. दोर कोरडा होता. परत येऊन बसली की टक्.

एकदा ती गवळ्याच्या गाईची चिठ्ठी लिहायला बसली. शाई वाळल्यावर वाचून पाहिलं तर कागदावर गाय नव्हती. अस्वस्थ हात, असं तिच्याच ताठ अक्षरात लिहिलं होतं. खाली वाक्य होतं. ईनक थर्लबी, हे नाव होतं. तारीख होती. फक्त अर्थाची ओळ कोरी होती. तिनं कागद चुलीत घातला. पुढच्या आठवड्यात सुताराची मिटवणी लिहिताना पुन्हा तेच झालं. तोही कागद जाळला. तिसऱ्यांदा झालं तेव्हा तिनं चिठ्ठी चुलीपर्यंत नेली, उभी राहिली, आणि परत आणून गठ्ठ्याच्या तळाशी ठेवली. शाळेत न्यायच्या आधी काढून घेऊ, असं ती स्वतःला म्हणाली.

महिन्यातून एकदा रविवारी, दुपारचं जेवण आणि संध्याकाळची प्रार्थना यांच्या मधल्या वेळात, शाळेच्या खोलीत चिठ्ठ्या वाचल्या जात. हॅलमसाहेब वाचत आणि गाव साक्ष देई. दोघांनी, आम्हीही असं बोलतो, म्हटलं की चिठ्ठी पक्की. त्या दिवशी वीसेक माणसं होती. केझाया शेगडीपाशी कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. शेगडी तिच्या ताब्यात असल्यामुळं तिला थांबावंच लागे.

टॅबिथानं गठ्ठा टेबलावर ठेवला. तळची चिठ्ठी तशीच होती. विसरली की ठेवली, हे तिला पुढं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"अस्वस्थ बूट," हॅलमसाहेबांनी वाचलं.

"खरं आहे," पिंचबेक म्हातारा ओरडला. तो बहिरा होता, म्हणून सगळंच ओरडून बोले. "पण डॉब्नीबाईंचे पायच अस्वस्थ आहेत, बुटांचा काय दोष?"

"तुझ्या माशांच्या वासानं आम्ही सगळेच अस्वस्थ आहोत, सायलस," डॉब्नीबाई म्हणाल्या. "तेही लिहून घ्या, साहेब. माझं नाव घाला खाली."

खोली हसली. एकेक चिठ्ठी पक्की होत गेली. गाय, माती, मिटवणी, झोप. शांततेच्या चिठ्ठीवर वाद झाला, वारा पडल्यावरची की बायको रुसल्यावरची, आणि दोन्ही अर्थ लिहायचे ठरले. टॅबिथा बाकावर हात मांडीवर घेऊन बसली होती. गठ्ठा पातळ होत चाललेला ती पाहात होती. उठून तो एक कागद काढून घ्यायला चार पावलं लागली असती. ती उठली नाही.

"ही शेवटची," हॅलमसाहेब म्हणाले. "अस्वस्थ हात. वाक्य असं आहे, माझा हात अस्वस्थ आहे. बोलणारा ईनक थर्लबी. अरे वा. चौदा नोव्हेंबर अठराशे शहात्तर. म्हणजे गेले त्याच दिवशी का, बाई? अर्थ लिहायचा राहिलाय."

ईनकचं नाव ऐकताच खोलीत सगळे जरा नीट बसले. चार जणांनी तर टोप्या काढून मांडीवर घेतल्या.

"कुणी ऐकलंय का असं?" साहेबांनी विचारलं. "हाताला अस्वस्थ म्हणताना?"

"तापात थरथरतो ना हात, तसं असेल," डॉब्नीबाई हळुवारपणे म्हणाल्या. "बिचारा. माझ्या आईचाही थरथरायचा."

"होडी ओढून ओढून गेला असेल त्याचा हात," पिंचबेक ओरडला. "अकरा माणसं काढली त्यानं! लिहा साहेब, थकलेला हात. मी साक्ष देतो!"

"मीही," सुतार म्हणाला.

दोन साक्षी झाल्या. हॅलमसाहेबांनी टाक दौतीत बुडवला. गावानं किती मायेनं तिच्या पुढ्यात तो अर्थ आणून ठेवला होता. तिनं फक्त मान हलवायची होती. थकलेला हात, एवढं कागदावर जाणार, कागद पेटीत जाणार, दगड भिंतीवर राहणार.

"थकलेला..." साहेब लिहू लागले.

"तो अर्थ नाही," टॅबिथा म्हणाली.

"मग कोणता, बाई?"

ती उभी राहिली. गावानं तिला मरणाच्या घरात नेहमी उभं पाहिलं होतं. शाळेच्या खोलीत अशी उभी राहिलेली कधी पाहिली नव्हती.

"दार ज्यानं वर ठेवलं तो हात," ती म्हणाली. "ईनकनं जेबेझला डांबराला पाठवलं होतं. तो स्वतः खोपटात हात शेकत बसला आणि त्याला झोप लागली. नंतर त्यानं जेबेझवर ढकललं. मरताना मला सांगितलं. लिहा, साहेब."

"काय म्हणाली?" पिंचबेकनं शेजाऱ्याला विचारलं. कुणी सांगेना.

हॅलमसाहेबांच्या टाकातून शाईचा थेंब कागदावर पडला. "बाई, हे... हे शब्दकोशाचं काम नव्हे. आपण नंतर, घरी बसून..."

"काय म्हणाली ती?" पिंचबेक पुन्हा ओरडला.

"मी सांगते," कोपऱ्यातून केझाया म्हणाली. त्या खोलीत तिचा आवाज कित्येकांनी वर्षानुवर्षं ऐकला नव्हता. थोडा घोगरा झाला होता. ती उठून म्हाताऱ्यापाशी आली, पण बोलली मात्र टॅबिथाकडं बघून. "मी कशाला सांगू? तूच सांग. मोठ्यानं सांग. त्याला ऐकू येत नाही."

टॅबिथानं पुन्हा सांगितलं, ओरडून. पिंचबेकनं साहेबांच्या कागदाकडं पाहिलं. त्याचं स्वतःचं वाक्य, थकलेला हात, अर्धं लिहिलेलं, टेबलावर पडलं होतं.

"हे छापतील का?" केझायानं साहेबांना विचारलं.

"नाही, मिसेस क्रोल. एकाच माणसानं वापरलेला प्रयोग छापत नाहीत. पण चिठ्ठ्या ठेवतात. पेट्यांमध्ये."

"पेटीत कोण वाचायला बसलंय?" ती म्हणाली. मग टॅबिथाला, "चल."

"कुठं?"

"सगळं गाव कुठं इथं आलंय?"

बांधावरच्या वाटेनं त्या निघाल्या. पुढं केझाया, मागं टॅबिथा. भरती चढत होती आणि ऊन पाण्यावर आडवं पडलं होतं. गाव मागून काही अंतर ठेवून येत होतं. केझायानं पहिलं दार वाजवलं. चोवीस वर्षांत तिनं त्या बांधावरचं कुठलंच दार वाजवलं नव्हतं. घोड्यांच्या नालवाल्याची सून हातात मनुकांच्या पावाचा तुकडा घेऊन बाहेर आली आणि तिला पाहून बिचकली.

"सांग," केझाया बाजूला होत म्हणाली.

टॅबिथानं सांगितलं. दुसऱ्या दारी सांगितलं. तिसऱ्या दारी म्हातारा ऐकताना मधेच म्हणाला, "मेलेल्या माणसाची बदनामी करतेस, टॅबिथा? सख्ख्या भावाची?" आणि दार लोटून घेतलं. केझायानं पुन्हा वाजवलं. "तिचं पुरं झालेलं नाही," ती म्हणाली. दार उघडलं नाही, तेव्हा टॅबिथानं बंद फळ्यांना सांगितलं. पाचव्या दारी एका माणसानं सगळं ऐकून टोपी काढली, टॅबिथापुढं नव्हे, केझायापुढं. केझायानं त्याच्याकडं पाहिलंही नाही. "तुझ्या बापानं जेबेझच्या अंगावर चिखल मारला होता," एवढंच म्हणाली आणि पुढं निघाली.

सात दारं झाली. टॅबिथाचा आवाज बसत आला होता. मागची माणसं एकेक करून आपापल्या घरात गळाली होती. आता त्या दोघीच केझायाच्या घरापाशी आल्या. केझाया आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज आला.

टॅबिथा उभी राहिली. पाणी बांधाला लागल्याचं ऐकू येत होतं. आत पावलं वाजली नाहीत, म्हणजे बाई दारामागंच होती. मग टॅबिथाला कळलं. तिनं हात उचलून दार वाजवलं.

"कोण आहे?"

"टॅबिथा थर्लबी."

"काय काम आहे?"

"सांगायला आलेय, केझाया. दार ईनकनं वर ठेवलं होतं. जेबेझ खरं बोलत होता." बाकीच्या दारांपुढं जे म्हटलं नव्हतं ते तिनं इथं म्हटलं. "आणि मला माहीत होतं. तुझ्यासमोरून रोज जाताना माहीत होतं. हिवाळ्यात तू शाळेची राख टाकायला जायचीस, मी वाट सोडून उभी राहायचे, तेव्हाही माहीत होतं. भावाचा दगड जपला मी. बस, एवढंच."



"त्या दिवशी सकाळी," केझाया दारामागून म्हणाली, "त्यानं लापशी अर्धीच खाल्ली. म्हणाला, ईनकनं लवकर बोलावलंय. मी म्हटलं, संपवून जा. ऐकलं नाही. दुपारी मी कपडे वाळत घालत होते. तो बांधावरून येताना मला दिसला. बादली दोन्ही हातांनी छातीशी धरली होती त्यानं, डांबर सांडू नये म्हणून. धावत होता. चौकशीत मला कुणी विचारलं नाही. मी सांगायला गेले तर म्हणाले, बायकोची साक्ष कशाला. तर आता तू ऐक. तू लोकांचं ऐकत आलीस ना जन्मभर? ऐक."

"ऐकतेय," टॅबिथा म्हणाली.

आणि केझायानं सांगायला सुरुवात केली. जेबेझ कसा बोलायचा, झोपेत काय पुटपुटायचा, ग्रिम्झबीहून त्यानं दुसऱ्याकडून लिहवून घेतलेल्या दोन पत्रांत काय होतं, शेवटच्या पत्रात घरच्या चिमणीची कोणती वीट दुरुस्त करायला सांगितली होती. चर्चची घंटा प्रार्थनेसाठी वाजली आणि थांबली. टॅबिथा हलली नाही. पायरीवर उभी राहून, कपाळ जवळजवळ फळीला टेकवून, ती ऐकत राहिली. दार केझायानं उघडलं नाही, आणि टॅबिथानं उघड म्हटलं नाही.